दोरीवर टांगलेलं पान

माझा माणसांवर लवकर विश्वास बसत नाही. पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करण्यात माझं आयुष्य गेलं. ज्या दिवशी मालक कधी नव्हे तो चहा पाजायचा, त्या दिवशी तो उशिरापर्यंत थांबवणार हे ठरलेलं. त्यामुळे लग्नपत्रिका छापणारा एक माणूस लेकीच्या प्रबंधातली गणितं छपाईसाठी जुळवणार हे कळलं, तेव्हाच मला ते खटकलं.

लेक रोह्याला कॉलेजात गणित शिकवते. पन्नाशीला आली, अजून डॉक्टरेट व्हायची आहे. खाडीचं गढूळ पाणी कसं वाहतं, याची गणितं तिने मांडली आहेत. प्रबंध एकदा परत आला होता. चिन्हं ओळखता येत नाहीत, म्हणून पुढचं तपासता येत नाही, असा परीक्षकाचा शेरा होता. लेक म्हणाली, परीक्षक खडूस आहे. मला ते पूर्ण पटलं नाही. आता सोमवारी प्रबंध द्यायचाच होता. पुन्हा परत आला तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

त्या पत्रिकावाल्याचं दुकान माझ्या घराजवळ, म्हणून लेकीने मला तिथे जाऊन बसायला सांगितलं. पेणला हे नवीन नाही. सण जवळ आला की गिऱ्हाइकं कारखान्यात येऊन बसतात आणि आपल्या मूर्तीचे डोळे आखून होईपर्यंत हलत नाहीत. मीही तशीच जाऊन बसले.

माणूस बोलघेवडा, तोंडात सदा बडीशेप. म्हणे मुंबईला छापखान्यात शास्त्राची पुस्तकं जुळवायचा. मग इथे पत्रिका का छापतोस, असं मी विचारलं.

"मावशी, लोक लग्नं करतात. गणितं कोण करतो?"

उत्तर तयार असलेला माणूस मला आणखीच संशयास्पद वाटतो. त्यात त्याची काम करायची रीतही आडवळणाची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका बाजूला तो इंग्रजीत आज्ञा लिहायचा आणि दुसऱ्या बाजूला पान तयार व्हायचं. वर्गमुळाचं चिन्ह आतल्या आकड्यांवर आपोआप लांब पसरायचं, कंस अपूर्णांकाएवढे उंच व्हायचे. लिहितो एक, दिसतं एक. राखण करायची तर नजर ठेवायची कुठे?

मग एके दुपारी त्याने काम थांबवलं. लेकीने सांगितलेला टाईप, म्हणजे अक्षरांचं वळण, या गणिताला चालणार नाही म्हणाला. गणितात दोन अक्षरं सारखी येत होती. एक इंग्रजी व्ही, तो पाण्याचा वेग. दुसरं ग्रीक न्यू, तो पाण्याचा चिकटपणा. त्या टाईपात दोघं जुळ्या भावांसारखी दिसतात, असं त्याचं म्हणणं. मला दोन्ही सारखीच दिसली, पण मी चौथी शिकलेली; माझ्या दिसण्यावर काय जायचं? लेकीला फोन केला. ती म्हणाली की तिच्या मार्गदर्शकांना तोच टाईप हवा असतो आणि तिला स्वतःला फरक स्पष्ट दिसतो. मी ताडलं, याला पुढचं जमत नाही, म्हणून खुसपटं काढतोय. तिला म्हटलं, तू ये, हा माणूस वेळ काढतोय.

शनिवारी ती एसटीने आली. वाटेत गडब गावाजवळ गाडी रखडली, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं. दुकानात दोघांची जुंपली. ती म्हणे, तुमच्या सोयीसाठी मी प्रबंध बदलणार नाही. तो म्हणे, माझी कसली सोय, मलाच परत सगळं तपासावं लागणार.

मला त्याला पकडायचं होतं. कारखान्यात डोळे आखून झाले की मूर्ती अंगणाच्या पार टोकाला ठेवून बघायची पद्धत आहे, आणि बघायचं ते ज्याने आखले त्याने नाही. ज्याने आखले त्याला आपण काय काढलं ते माहीत असतं, त्याला तेच दिसतं. इथे लेकीशिवाय वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून मी जुळवून झालेल्या पानांतलं शेवटाकडचं एक पान काढलं, मागचं-पुढचं बघून तिला ओळखता येऊ नये म्हणून दुमडून मधली एकच ओळ उघडी ठेवली आणि पत्रिका वाळवायच्या दोरीला चिमट्याने टांगलं. लेकीला दाराबाहेर गटाराच्या कडेला उभी केली. तिच्या हातचा कच्चा कागद मी घेतला. तिच्या हाताने न्यूला डोक्यावर शेंडी येते, ती मला ओळखता येते. प्रत्येक अक्षराला व्ही का न्यू एवढंच बोल, असं तिला बजावलं.

ती वाचू लागली. पहिलं चुकलं. पुढचं बरोबर, मग परत चुकलं. मग त्याने दुसऱ्या टाईपातली तीच ओळ छापून टांगली. ती तिने न अडखळता वाचली.

ती आत येऊन स्टुलावर बसली. "आई, मला माझंच वाचता आलं नाही."

"मग परीक्षकाला कसं येणार गो?" मी म्हटलं.

मार्गदर्शकांचा प्रश्न उरलाच होता. तो माणूस म्हणाला, विद्यापीठाच्या नियमात मजकुराचा टाईप ठरवून दिलाय, चिन्हांचा नाही. माझा विश्वास बसला नाही. नियमाचं पान काढायला लावलं, लेकीकडून दोनदा वाचून घेतलं. खरं होतं. मजकुरातला दोनचा आकडा आणि गणितातला दोनचा आकडा आता जरा वेगळे दिसणार होते. लेकीला ते ठिगळ वाटलं, पण ती म्हणाली, दिसू दे. रविवारी एकेक पान मी बोट ठेवून पाहिलं. अर्थ कळत नव्हता, पण कुठे जुना व्ही राहिलाय ते दिसत होतं. एक राहिला होता. सोमवारी प्रबंध गेला.

या वेळी परीक्षकाने दोन ठिकाणी गणिताचा खुलासा मागितला, अक्षरांबद्दल अवाक्षर नाही. लेकीने खुलासा दिला आणि तिला तोंडी परीक्षेला बोलावणं आलं. मार्गदर्शकांना बदल कळलाच नाही, असं ती म्हणते. मला वाटतं, कळलाय.

त्या माणसाने दोरीवरचं पान भिंतीवर पत्रिकांच्या मधोमध लावलंय. मी म्हटलं, काढ ते, कोणी लेकीचं गणित चोरेल.

"मावशी, चोरायला आधी कळायला नको?"

"तरी काढ."

अजून काढलेलं नाय. मी जाता-येता बघते.