मंगळवारचा शिक्का

दौलतमामांचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. आमच्या गावच्या पोस्टात टपाल वाटणारे दौलतमामा. ते नसते तर बहिणीचं लग्न तरी हुकलं असतं, नाहीतर नोकरी तरी गेली असती...

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. चिंचेखाली काही दिसलं म्हणणाऱ्यांना मीच हसायचो. आणि हे भुताचं नाहीच – मामा ठणठणीत आहेत, परवाच फोनवर मला शिव्या घालून झाल्या. पण घडलं ते डोक्यातून जात नाही. शिक्षण सातवीपर्यंत, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव बेला मंडलात, जिल्हा आदिलाबाद. मी तीन वर्षांपासून युरोपात टोमॅटोच्या काचघरात कामाला आहे. देशाचं नाव सांगत नाही, कागदपत्रांचा मामला आहे. इथून गावी जाऊन परत यायचं तर ये-जा करायचा व्हिसा नवा करावा लागतो, तोही पोस्टाने. फॉर्म, फोटो, पासपोर्ट – आणि सोबत एक रिकामं पाकीट, तिकिटं लावलेलं, आपलाच पत्ता लिहिलेलं. काम झालं की पासपोर्ट त्याच पाकिटातून परत येतो.

सविताचं, माझ्या बहिणीचं, लग्न ठरलं होतं. वडील नाहीत, भाऊ मी एकटाच. शुक्रवारचं विमान. व्हिसा न घेता गेलो तर परत येणं बंद.

सगळं पोस्टात टाकून आठ दिवस झाले, आणि सोमवारी टोमॅटो तोडता तोडता हात थांबला. परतीच्या पाकिटावर मी गावचा पत्ता लिहिला होता!

त्यालाही कारण मामाच. माझी शाळा सुटली तेव्हा ते म्हणाले, "पत्ता तरी लिव्हता आला पाह्यजे लेका." रोज पोस्टाच्या ओट्यावर बसवून इंग्रजीत गावचा पत्ता गिरवून घ्यायचे. माझ्या हाताला तेवढा एकच पत्ता पाठ.

व्हिसाच्या कचेरीत फोन लावला. पाकीट आज सकाळीच निघालं, म्हणाले. तिकिटं देशातल्या देशातली, पत्ता इंडियाचा... खोलीतला पंजाबी सोबती म्हणाला, "भाई, अब बहन को वीडियो कॉल पे ही हल्दी लगा." मला हसू आलं नाही.

बुधवारी दुपारी पाकीट इथल्या खोलीच्या दारात पडलेलं.

आत पासपोर्ट, व्हिसा, त्यावर सोमवारची तारीख. बाहेर गावच्या पत्त्यावर पट्टी लावून मारलेली सरळ रेघ, खाली इथला पत्ता मोठ्या अक्षरात – सातच्या पोटात आडवी काडी, मामा काढतात तशी. फाटलेला कोपरा खळीने चिकटवलेला, खळीत ज्वारीचं तूस. आणि आमच्या गावच्या पोस्टाचा गोल शिक्का. मंगळवारचा.

सोमवारी इथून निघालं, मंगळवारी गावात, बुधवारी परत इथे? मला विमानाने जायला, गाड्या बदलत, दोन दिवस लागतात.

लग्नाला गेलो. हळद उतरली तसा पोस्टात. मामा ओट्यावर चहा पीत होते.

"मामा, माझं पाकीट आलं होतं इथे?"

"आलं होतं ना. गधड्या, पत्ता चुकला होता तुहा. म्या दुरुस्त करून धाडलं."

"तिथला पत्ता कुठून मिळाला?"

"जाताना तूच चिठ्ठी देल्ली होती. ते काय, काचीखाली हाय."

"पण एका दिवसात कसं पोचलं?"

"काऊन, उशीर झाला का?"

मी तारखा बोटावर मोजून दाखवल्या. मामांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले थैलीत जे येते ते मी वाटतो. थैली कोठून कशी आली, ते मी कायले विचारू? पोरीले आहेर काय केला ते सांग."

रजिस्टर मात्र दाखवलं. मंगळवारची तीन टपालं – एक विम्याचं, एक पेन्शनचं, एक माझं. तरी मी दुसऱ्या दिवशी बेल्याच्या पोस्टात गेलो, आमच्या गावची थैली तिथूनच येते. थैली बांधणाऱ्या बाईंनी यादी काढली: त्या मंगळवारी आमच्या गावची टपालं दोन. विमा आणि पेन्शन.

तिसरं कुठून आलं? पाकीट अजून माझ्या गादीखाली आहे. कधी काढून शिक्का उजेडात धरतो. सोबती म्हणतो कुणीतरी मस्करी केली. पण ज्वारीच्या खळीची मस्करी इथे कोण करणार? तुमच्यात कुणी पोस्टातलं असेल तर सांगा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

मामा सगळ्या जगाचे पत्ते वाचतात, स्वतः नागपूरच्या पुढे गेले नाहीत. विमान आतून कसं असतं, एवढंच त्यांनी मला दोनदा विचारलं. एक दिवस त्यांना इथे आणीन. त्यांचा फॉर्म मीच भरीन, तिकिटं मीच लावीन, आणि त्यांच्या परतीच्या पाकिटावर गावचा पत्ता माझ्याच हाताने लिहीन. तेव्हा तो बरोबर असेल.