दाजींच्या कोटांचं धुणं

जर्मनीत नियमांवर मनापासून प्रेम करणारा मला एकच माणूस भेटला, आणि तो साताऱ्याचा होता. जर्मन माणसं नियम पाळतात ती सवयीने, आपण दात घासतो तशी. त्यात जीव ओतलेला नसतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, नियम पाळायचे ते हौसेने, सणवार पाळावेत तसे. नवा नियम कळला की त्यांचा चेहरा उजळायचा. येना नावाच्या शहरात त्यांच्या घराजवळ एक सिग्नल होता. एका हिवाळ्यात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आम्ही तिघं तिथे लाल दिव्यासमोर उभे राहिलो. बर्फ पडत होतं, ताईच्या हातातल्या पिशवीतली भाजी गारठत होती आणि दिवा काही हिरवा होईना. शेवटी मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. दिवा बिघडलाय हे दाजींनाही कळलं होतं. पण बिघडलेला असला तरी तो लालच होता. ते ताईला घेऊन मागे फिरले, पुढच्या चौकातल्या सिग्नलवरून ओलांडून आले आणि माझ्याशी घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

कचऱ्याच्या बाबतीत तर ते शल्यविशारद होते. पाहुण्याचा चहा संपला रे संपला की त्याच्या कपातली पुडी अलगद उचलून न्यायचे आणि तिचं विच्छेदन करायचे. चोथा एका डब्यात, दोरा दुसऱ्यात, कागदाचं लेबल तिसऱ्यात, आणि ती इवलीशी पिन चिमटीत धरून क्षणभर विचारात पडायचे. दाजी काचेची भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. दिवसभर भिंगांवरचे डाग शोधून शोधून नजर अशी तयार झाली होती, की जेवायला बसताना ताट उचलून दिव्यासमोर धरायचे. ताई म्हणायची, "अहो, ते ताट आहे. त्यातून आरपार दिसायचं नसतं."

हे घडलं ते दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला. मी तेव्हा दक्षिणेकडे ब्योब्लिंगेनला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि सुट्टी मिळाली की ताईकडे येनाला पळायचो. दाजींना कामावर पांढरा लांब कोट घालावा लागे. कोट कंपनीचा, त्यावर कंपनीचं चिन्ह आणि दाजींचं नाव निळ्या दोऱ्याने भरलेलं. धुणं मात्र ज्याचं त्याने घरी करायचं. एके दिवशी कॉफी पिता पिता शेजारच्या टेबलावरच्या जर्मन सहकाऱ्याने त्यांना सहज सांगितलं, की कामाचा गणवेश घरी धुतला तर त्याचा खर्च आयकरात दाखवता येतो. त्या बिचाऱ्याने एवढं बोलून कॉफी संपवली आणि तो विसरून गेला. दाजी त्या दिवशी घरी आले ते दिग्विजय करून आल्यासारखे.

"कायद्यात धुणं आहे!" त्यांनी दारातूनच मला सांगितलं. "आपण धुतो ना कपडे, ते. सरकार म्हणतं, तो नोकरीचा खर्च आहे."

"बरं मग?" ताईने विचारलं.

"मग आजपासून माझे कोट वेगळे धुवायचे. त्यांच्यात माझा रुमालसुद्धा पडता कामा नये. रुमाल खाजगी आहे."

ताई पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्नानंतर जर्मनीत येऊन ती भाषा, थंडी आणि दाजी अशा तिन्ही गोष्टींशी एकदम झुंजत होती. तिने हातातला चमचा खाली ठेवला. "दोन कोटांसाठी मी अख्खं मशीन लावणार नाही. आणि तुमचे खाजगी आणि सरकारी रुमाल निवडतही बसणार नाही. हवं तर तुम्ही धुवा."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. ज्यांनी साताऱ्यात स्वतःचं ताटसुद्धा कधी उचललं नव्हतं, ते आमचे दाजी कोट काखोटीला मारून तळघरातल्या सामाईक धुलाईखोलीत उतरले. पहिल्या खेपेला त्यांनी साबणाऐवजी कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव ओतलं. कोट मळके ते मळकेच राहिले, पण वास असा सुटला की दुसऱ्या दिवशी तपासणी खात्यातली माणसं फुलांचं दुकान कुठे उघडलंय म्हणून खिडकीतून डोकावत होती. दाजींनी हार मानली नाही. ते कॉलरी घासायला शिकले, कोणत्या डागाला गरम पाणी आणि कोणत्याला गार हे शिकले, आणि मशीन फिरत असताना समोर स्टूल टाकून बसायला लागले. मशीन आपलं आपण थांबतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "कर सवलत मागतोय आपण," ते म्हणाले. "देखरेख नको?" खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी त्यांना दर शनिवारी तळघरात काचेकडे टक लावून बसलेलं पाहिलं आणि त्यांचा समज झाला, की या गृहस्थांना बायकोने घराबाहेर काढलंय. एका शनिवारी त्या केकचा तुकडा घेऊन आल्या, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "होईल सगळं नीट." दाजींना वाटलं, त्या आयकराबद्दल बोलताहेत. त्यांनी मनापासून आभार मानले.

हळूहळू घरातलं सगळंच धुणं दाजींच्या हाती गेलं. कोट वेगळे धुवायचे तर बाकीचे कपडेही नीट वर्गवारी करून धुवायला हवेत, असं त्यांचं मत पडलं, आणि ताईने ते मत खोडून काढायचे मुळीच कष्ट घेतले नाहीत. शनिवारी ती पोहायला जायला लागली. माझी भाची तेव्हा शाळेत जायची. मराठी सगळं समजे, उत्तर मात्र जर्मनमधून. बाप कोट हॅंगरवर लावून, वर प्लास्टिक चढवून ट्रामने कामावर निघाला की ती डोळ्यांवर हात घ्यायची. "पापा, पाइनलिश!" म्हणजे, पापा, लाज आणता तुम्ही. दाजी म्हणायचे, "लाज कसली? कायद्यात आहे."

यथाकाल त्यांनी आयकराचे कागद भरले आणि फिनान्झआम्टला, म्हणजे तिथल्या आयकर कचेरीला, पाठवून दिले. उत्तर आलं तेव्हा मी तिथेच होतो. दाजींनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या हाती दिलं. त्यात कुणी काही नाकारलं नव्हतं. भानगड एवढीच होती, की नोकरीच्या खर्चापोटी एक ठरावीक सूट तिथे प्रत्येक नोकरदाराला न मागताच मिळते. दाजी कामावर जवळच जायचे, खर्च बेताचे. धुणं धरूनही त्यांची बेरीज त्या सरसकट सुटीच्या खालीच राहिली होती. तेव्हा धुण्याची बाब वेगळी तपासण्याचं कारण उरलेलं नाही, असं कचेरीने नम्रपणे कळवलं होतं.

"चांगलंच आहे की, दाजी," मी म्हणालो. "तुम्ही मागितली त्याहून जास्तच सूट मिळाली तुम्हाला."

"पण त्यांनी धुणं बघितलंच नाही."

"बघायची गरजच पडली नाही."

"वर्षभर मी तळघरात बसलो," दाजी हळूच म्हणाले, "आणि गरज पडली नाही?"

ते खरोखर दुखावले होते. रात्री नीट जेवले नाहीत, ताट दिव्यासमोर धरलं नाही. आठवड्याभरात त्यांनी रीतसर आइनश्प्रुख दाखल केली. आइनश्प्रुख म्हणजे निर्णयाविरुद्धची हरकत. पैसे कमी मिळाले म्हणून हरकत घेणारे सगळ्याच देशांत सापडतात. सवलत जास्त मिळाली, पण आमच्या धुण्याकडे लक्ष दिलं नाही, अशी हरकत त्या कचेरीत बहुधा पहिल्यांदाच आली असावी. त्यांनी दाजींना भेटायला बोलावलं. ताई म्हणाली, "मी येणार. हे तिथे काय बोलतील याचा भरवसा नाही." म्हणून मीही गेलो.

टेबलापलीकडे एक पोक्त बाई होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. दाजींनी बरोबर आणलेला हॅंगरवरचा कोट समोरच्या खुंटीला टांगला आणि स्वतः त्याच्याशेजारी उभे राहिले, लग्नाच्या फोटोत उभं राहावं तसे.

"तुमचं नुकसान काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग हरकत कशाबद्दल आहे?"

"तुम्ही बघितलं नाहीत, त्याबद्दल."

बाईंनी आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्यापैकी कुणीतरी शहाणं असावं अशी त्यांना आशा होती. "आल्झो, म्हणजे असं," त्या सावकाश म्हणाल्या, "ज्याचं नुकसान नाही त्याला हरकत घेता येत नाही. तसा नियमच आहे."

नियम म्हटल्यावर दाजी निम्मे विरघळले. तरी चिकाटीने म्हणाले, "हरकत मागे घेतो. एकच सांगा. ती सरसकट सूट नसती, तर हे धुणं तुम्ही धरलं असतं की नाही?"

बाईंनी समोरचे कागद बाजूला सारले. मग चष्मा नाकावर चढवून उठल्या आणि चक्क कोटापाशी आल्या. दोऱ्याने भरलेलं नाव वाचलं. कॉलर उलटी करून पाहिली. "हा बाहेर फिरायला घालता?"

"छे! कामाचा आहे."

"कोण धुतं?"

"मी," दाजी म्हणाले.

बाईंनी भुवया उंचावून ताईकडे पाहिलं. ताई इतका वेळ ओढणीशी चाळा करत बसली होती. ती एकदम ताठ झाली आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. हेच धुतात. सगळे कपडे हेच धुतात."

"कॉलर स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला थोडा हेवा जाणवला. "हो, धरलं असतं. हे काम आहे, आणि ते नोकरीसाठी केलेलं आहे. तुमचं बरोबर आहे."

दाजींनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, तिथल्या तिथे हरकत मागे घेतली आणि कोट काढून घेतला. सरकारी तिजोरीतून एक छदामही जास्तीचा निघाला नव्हता. पण ट्राममधून परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी पगारवाढ मिळालेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. ताईने विचारलं, "अहो, एवढं कशासाठी केलंत?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नियम होता ना."

पुढच्याच वर्षी कंपनीने कोट धुण्याचं कंत्राट एका लॉंड्रीला दिलं. सगळे खूश झाले. दाजींना मात्र काही दिवस शनिवार कसा घालवावा ते कळेना.

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे सुट्टीला भारतात गेलो आणि मीही ताईबरोबर दोन दिवस साताऱ्याला उतरलो. दाजींची आई तिथे दोन खोल्यांच्या घरात धाकट्या मुलाकडे राहायची. सगळे तिला आक्का म्हणत, आणि दाजींच्या वडिलांना आबा. गुडघे गेलेले, कान मात्र तिखट. दाजींनी तिच्या खाटेवर बसून तिला ही सगळी हकिगत सांगितली, कोटापासून चष्म्यापर्यंत. मला वाटलं होतं, हसवायला सांगताहेत. पण सांगता सांगता ते म्हणाले, "आक्का, आबांचा खाकी ड्रेस तू रोज धुवायचीस. ओला असला की चुलीवर धरून वाळवायचीस, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचीस. आबा पोस्टात जायचे ते कसे कडक दिसायचे! साहेबानं त्यांना शाबासकी दिली, तुला कुणी काय म्हटलं? मी विचारून आलोय. ते काम होतं."

आक्काने खाटेवरची चादर सारखी केली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तिथं धुण्याला काम म्हणतात व्हय?"

"म्हणतात."

"मग काय मिळालं तुला?"

"काही नाही."

"येडाच हायस," आक्का म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आम्हाला वाटलं, झोप लागली.

संध्याकाळी शेजारच्या काकू ताईला भेटायला आल्या. आक्काने हाताने चाचपडत खाटेची कड धरली, उठून बसली आणि दाजींना जवळ बोलावलं. "सांग रे ते पुन्हा," ती म्हणाली. "अन् ती बाई शेवटी काय म्हणाली, ते नीट सांग. सावकाश सांग."