बुडबुडे संपेपर्यंत

टॅक्सीस्टँडवर त्याला खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नसे. सगळे म्हणायचे भिंगरी. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, आणि गिऱ्हाइकाला यायला जरा उशीर झाला तर तेवढ्यात चारही टायरांना लाथा घालून व्हायच्या. सिग्नलला गाडी थांबली तरी त्याचा डावा गुडघा चालूच. त्याची बायको घरीच मशीनवर कपडे दुरुस्त करून द्यायची. ती म्हणायची, "माझं मशीन पाय काढला की थांबतं तरी. यांचं बटण कुठे आहे, ते अजून सापडलेलं नाही."

अशा माणसाच्या गाडीचा हिटर बिघडला, आणि तोही नेमका त्याच आठवड्यात.

त्याचे वडील, अण्णा, घाटापलीकडच्या थंड गावात एकटे राहत. मागच्या महिन्यात शेजारीण डोकावली, तर अण्णा स्वयंपाकघरात फरशीवर बसून धापा टाकत होते. डॉक्टरांनी भिंगरीला फोनवर स्पष्ट सांगितलं, की त्या गार घरातला अजून एक हिवाळा या छातीला झेपायचा नाही. दोन वर्षं "बघू, बघू" करणारे अण्णा शेवटी यायला तयार झाले होते. रविवारी ने म्हणाले. पण त्यांचा होकार म्हणजे ओला साबण. हातात आलाय म्हणेपर्यंत निसटायचा. शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं: गाडी आतून गरम पाहिजे, गार वारा छातीला लागता कामा नये.

आणि गाडी तर थेट तोंडावर गार वारा मारत होती.

तसं पाहिलं तर मोटारीचा हिटर ही साधी गोष्ट. इंजिन तापलं की त्याच्याभोवती फिरणारं कूलंटचं पाणी तापतं. त्यातलंच थोडं पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरतं, आणि पंखा त्या जाळीवरून हवा आत ढकलतो. भिंगरीने आधी पंखा पाहिला. तो झकास फिरत होता, म्हणजे फ्यूज शाबूत. मग त्याने थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिनचं पाणी बेताचं गरम ठेवणाऱ्या झडपेवर, संशय घेतला. इंजिनच्या तापमानाचा काटा रोजच्यासारखा मधोमध येत होता, म्हणजे थर्मोस्टॅट बिचारा निर्दोष होता. पण तो खोलता येतो, आणि भिंगरीचे हात शिवशिवत होते. नवा आणून बसवला. हवा गारच.

शेवटी तो स्टँडमागच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने बोनेट उघडायच्या आधीच विचारलं, "इतक्यात काय खोललं होतंस?"

"काही नाही. एक पाइप गळत होता, तो बदलला. पाणी भरलं, झाकण लावलं. गिऱ्हाईक उभं होतं ना."

"वाटलंच." मिस्त्रीने इंजिन चालू करून जाळीकडे जाणारे दोन्ही पाइप चाचपले. एक चांगला तापलेला, दुसरा गार. मग त्याने भिंगरीचं डोकं धरून डॅशबोर्डजवळ नेलं. "ऐक. खळखळ ऐकू येते? आत हवा अडकलीय. पाणी पुढे जाईना, मग जाळी तापणार कशी?"

"मग काढ की."

"मी कशाला? फुकटचं काम आहे. इंजिन पूर्ण गार झालं की गाडी चढावर उभी करायची, नाक वर. रेडिएटरचं झाकण उघडं, हिटर फुल्ल, इंजिन चालू. बुडबुडे येतील तसं पाणी भरत राहायचं. रेडिएटरचा पुढचा पंखा एकदा आपोआप फिरून थांबेपर्यंत थांबायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. थांबायचं. तिथेच तुझं घोडं अडणार."

तसंच झालं. घराजवळच्या उतारावर त्याने गाडी चढवून उभी केली, नाक वर झालं, बुडबुडेही येऊ लागले. तो एकदा घड्याळाकडे बघे, एकदा पाण्याकडे. पंखा फिरायचं नाव घेईना. तेवढ्यात त्याच्या डोक्याने घेतलं, की हवाबिवा काही नाही, जाळीच तुंबलीय. झालं! दोन्ही पाइप उपसून त्याने नळाची नळी लावली आणि जाळी धुऊन काढली. पाणी स्वच्छ निघालं. पाइप परत जोडले, झाकण दाबलं, गाडी काढली. खळखळ आता दुप्पट.

"पहिली हवा कमी पडत होती का?" बायको म्हणाली.

"तू गप गं. रजया किती आहेत आपल्याकडे?"

रविवारी मागच्या सीटवर तीन रजया, दोन गरम पाण्याच्या पिशव्या आणि बायकोने दिलेली लोकरीची टोपी असा सरंजाम घेऊन तो घाट चढला. वाटेत प्रत्येक वळणावर त्याने हिटरचं बटण बंद-चालू केलं. बोटं गारठली, पण बटण सोडवेना.

अण्णांच्या घराकडे जाणारी गल्ली चांगली चढाची, फाटकापाशीच संपणारी. अण्णा बॅग भरून, मफलर गुंडाळून ओट्यावर बसलेले होते. त्यांनी गाडीचं दार उघडून आत हात घातला आणि रजयांच्या ढिगाकडे पाहिलं.

"हिटर बंद आहे वाटतं?"

"थोडा. म्हणजे, वारा येतोय. रजया आहेत ना अण्णा, पिशव्या आहेत, तुम्ही फक्त बसा."

"डॉक्टर काय म्हणाले होते?" अण्णांचा चेहरा जरा उजळलाच. त्यांनी बॅग उचलली. "राहू दे मग. उन्हाळ्यात बघू."

"अण्णा, उन्हाळ्यापर्यंत..." तोवर अण्णा ओट्याच्या पायऱ्या चढू लागले होते. तिसऱ्या पायरीवर त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि कठडा धरून ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.  भिंगरीने गाडीकडे पाहिलं. नाक वर करून ती उभीच होती.

त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

आत गेलेले अण्णा दारात परत आले. "काय झालं? गाडी बंद का केलीस?"

"गार व्हायला हवी. तापलेलं झाकण उघडलं तर तोंड भाजेल. मग हवा काढतो."

"किती वेळ लागेल?"

"बराच."

"आणि तू थांबणार?" अण्णांनी हे इतक्या कुतूहलाने विचारलं, की भिंगरीला राग यावा की हसू, ते कळेना.

तो थांबला. म्हणजे फाटकापासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घातल्या, फाटकाचा सैल स्क्रू पिळला, बोनेटला हात लावून पाहिला, चटका बसला, पुन्हा लावून पाहिला. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. त्यांची सगळी नोकरी गावाच्या पंपघरात गेली होती, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून. "बसण्याचाच पगार घेतला मी," ते म्हणाले. "तू कोणावर गेलास कुणास ठाऊक."

"आईवर, म्हणता ना नेहमी."

"तीसुद्धा भाजी चिरताना बसायची."

बोनेट हाताला गार लागलं तेव्हा त्याने झाकण उघडलं, इंजिन चालू केलं, आणि स्वयंपाकघरातून नरसाळं आणि तांब्या आणला. पाणी भरलं. एक बुडबुडा आला. मग बराच वेळ काही नाही. हात झाकणाकडे गेला.

"हात काढ," ओट्यावरून आवाज आला. अण्णा तोंडावर मफलर ओढून जवळ येऊन उभे राहिले. रेडिएटरच्या तोंडाशी ते असे बघू लागले, जसं काही जुनं ऑफिसच पुन्हा उघडलंय. "येतोय बघ. मोठा येतोय."

आला. भडकन पाणी खाली गेलं. भिंगरीने तांब्या ओतला.

"तू येतोस ना," अण्णा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "तेव्हा गाडी चालूच असते तुझी बाहेर. मी आत चहा टाकतो आणि कानात ती घरघर. म्हणजे हा निघाला. तुझ्या घरी येऊन तरी काय करू? तू बाहेर, ती मशीनवर. इथे निदान माझी खुर्ची माझ्या जागेवर आहे."

 भिंगरीने उगीच तांब्या हलवला. "खुर्ची घेऊ की बरोबर," तो शेवटी म्हणाला. "टपावर बांधतो."

"आणि बसायचं कोणाशी?"

एवढ्यात पुढचा पंखा घोंगावत सुरू झाला, आणि थोड्या वेळाने आपसूक थांबला. बुडबुडे थांबले होते. पाणी तोंडापर्यंत, स्थिर. भिंगरीने झाकण लावलं आणि आत वाकून हात धरला. हवा गरम होती. चांगली, कढत गरम.

अण्णांनीही हात धरला. मग वळले आणि घरात गेले.

भिंगरी ओट्यापर्यंत जाऊन परत फिरला. आत जावं की हाक मारावी? खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग नळ घट्ट पिळल्याचा. अण्णांचं सगळंच सावकाश. शेवटी कुलूप लागलं आणि ते बाहेर आले, एका हातात बॅग, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत.

"नीट बांध," ते म्हणाले. "घाटात सांडलीस तर परत आणून सोडशील."

घराशी पोचले तेव्हा अण्णा लोकरीच्या टोपीखाली गाढ झोपले होते. श्वास संथ, खोकला नाही. बायको धावत बाहेर आली. टपावरची खुर्ची आणि चालू इंजिन तिने एकदमच पाहिलं.

"अहो, गाडी चालू ठेवून आता कुठे निघालात?"

भिंगरीने काच बोटभर खाली केली. "हळू बोल. कुठे नाही," तो कुजबुजला. "बंद केली तर गार होईल ना."

तिने वाकून आत पाहिलं. स्टिअरिंगखाली त्याचा डावा गुडघा मशीनसारखा चालला होता. पण तो बसून होता.