तार कोणी काढली

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. दारव्ह्याजवळच्या एका जिनिंगमधून आठवड्यात तिसऱ्यांदा फोन आला, की काट्यावरची पेटी पुन्हा बंद पडली. मी फोनवर सरळ वजन करणाऱ्या ताईंवरच उखडले. "तुम्ही मधातच पेटीची तार काढता का हो?" त्या साधेपणानं म्हणाल्या, "काढते नं." झालं! मी म्हटलं, मग पेटी बंद पडणारच. फोनजवळच उभ्या असलेल्या तिथल्या मॅनेजरनं ते ऐकलं आणि जाहीर करून टाकलं: सोमवारपासून काट्यावर दुसरा माणूस.

ही पेटी लोहाऱ्यातल्या आमच्या छोट्याशा कंपनीची. कापसाच्या गाडीचं वजन ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पाठवते. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिममधला नेटवर्कचा कोड माझा. आमच्याकडे ती कधी म्हणून अडली नव्हती, त्यामुळे मला भलताच माज.

दुसऱ्या दिवशी जीपनं गेले. ताईंनी नुसतं दाखवलं. तार जमिनीवरून, गाड्यांच्या वाटेतूनच ऑफिसात गेलेली. वजनाचं बटन दाबलं की ताई तार उपसून गोळा करायच्या, ट्रॅक्टर गेला की पुन्हा जोडायच्या.

"कायले काढता?"

"चाक गेलं तं तुटन नं मॅडम! मागच्या बाईनं दोन तारा तोडल्या. मी एकही नाही तोडली."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! तार जपणारीलाच मी चोर ठरवलं होतं. आणि खरं तर तार कधीही निघू शकते, उंदीरही ओढेल. तेवढ्यानं पेटी मरत असेल तर दोष पेटीचा.

लोहाऱ्याला परतले आणि सिस्टिममधली लॉक, म्हणजे एका वेळी एकाच कामाला आत सोडणारी कुलपं, तपासणारी सोय चालू केली. मग ताईंसारखंच केलं: वजन पाठवलं, त्याच क्षणी तार ओढली. पहिल्याच झटक्यात स्क्रीनवर इशारा आला. माझ्या कोडमध्ये दोन लॉक होते, एक पाठवायच्या वजनांच्या रांगेवर, दुसरा तारेच्या स्थितीवर. वजन पाठवणारं काम आधी रांगेचा लॉक घ्यायचं, मग तारेचा. तार निघाल्यावर चालणारं काम बरोबर उलटं. दोन्ही एकदम सुरू झाली की एकेक लॉक धरून एकमेकांची वाट पाहत बसायची, जन्मभर. दोन्ही ओळी माझ्याच. बोंबला!

सगळीकडे आधी रांगेचा, मग तारेचा, असा क्रम लावायला गेले, तर तारेच्या कामात जमेना. तिथं तारेचा लॉक आधीच घेतलेला असायचा. शनिवार त्यातच गेला, दोन वेळा वाटलं राजीनामा द्यावा. शेवटी सोपंच निघालं: तार निघाली एवढी नोंद करायची, तारेचा लॉक सोडून द्यायचा, आणि मगच रांगेचा घ्यायचा. मधल्या वेळात तार परत जोडली गेली असेल, म्हणून पुन्हा एकदा बघायचं. रविवारी दिवसभर तार ओढत बसले. पेटी एकदाही अडली नाही. मी एकटीनंच टाळ्या पिटल्या.

सोमवारी सकाळी नवीन माणूस खुर्चीत बसलेला, ताई दाराशी उभ्या. मी पेटीत नवा कोड घातला आणि मॅनेजरला म्हटलं, "चूक माझी होती, ताईंची नाही. ताई, काढा तार."

"नाही बाप्पा, मी आता हात नाही लावत."

"तुम्हीच काढा. माझ्यासाठी."

ट्रॅक्टर काट्यावर चढला, त्यांनी बटन दाबलं, तार उपसली, चाक गेल्यावर पुन्हा जोडली. ऑफिसात वजन उमटलं. पुढच्या गाडीचंही. त्याच्या पुढच्याचंही.

आमच्या धंद्यात रीत आहे, दुरुस्तीच्या टिपणात कोडमधला बग कोणी कळवला त्याचं नाव लिहायचं. मी ताईंना पूर्ण नाव विचारलं. त्या घाबरल्या, "काहून? तक्रार करून राह्यल्या का?" मी त्यांच्यासमोर टाईप केलं आणि लॅपटॉप मॅनेजरकडे फिरवला. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, ताईंच्या नावासकट. मग नवीन माणसाला म्हणाले, "तू गोडाऊनमधी जाय." आणि बाहेर ताटकळलेल्या ड्रायव्हरला हाक मारली, "ये, गाडी घे काट्यावर. बाई हायेत."