मोठ्या भावाचं काम कोणालाच नको

आज चर्चमध्ये सुट्टीतल्या बायबल शाळेची मीटिंग झाली. यंदाचं नाटक उधळ्या पुत्राचं. धाकटा मुलगा बापाचा पैसा उडवतो, डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परत येतो, बाप मेजवानी देतो आणि मोठा भाऊ रुसून बसतो, ही गोष्ट.

धाकट्याच्या कामासाठी भांडणं झाली. डुकरं व्हायलाही पोरं एका पायावर तयार! मोठा भाऊ मात्र कोणालाच नको. "तो नुसता रुसतो हो ताई, बोअर आहे."

म्हटलं, "मला द्या. मेजवानी सुरू झाली, तरी त्याला शेतावर बोलवायला कोणी गेलं नव्हतं. नीट वाचा."

पाळकसाहेब हसले. "फारच मनाला लावून घेतलंत."

"गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी तुम्ही सगळे बिर्याणी खात होतात, तेव्हा मी हस्तकलेच्या खोलीत फरशीवरचा गोंद खरवडत होते. मी आले तेव्हा पातेलं घासायला गेलं होतं."

मग पाळकसाहेबांनी नाटकात एक नोकर वाढवला, मोठ्या भावाला बोलवायला शेतावर धावणारा. सगळ्यांना कल्पना फार आवडली.

यंदाच्या बिर्याणीच्या दिवशी तो नोकर कोण होणार, हे मात्र मीटिंग संपली तरी ठरलं नाही.

तुमच्याकडे ठरलंय का?