हिरव्या चौकोनातल्या काकू

येणारं क्षेपणास्त्र आपल्या क्षेपणास्त्राने आकाशातच फोडलं, की टीव्हीवर टाळ्या वाजतात आणि बातमी संपते. तुकडे मात्र खाली येतात. ते कुठे पडतील हे आधीच काढून ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात बनवतो. किती उंचीवर, कोणत्या वाऱ्यात फोडलं तर जमिनीवरच्या कमीत कमी माणसांना धोका, ते नकाशावर चौकोनाचौकोनांत रंगून येतं. लाल म्हणजे नको, हिरवं म्हणजे चालेल. कुठे किती माणसं आहेत हे भरायचं काम माझं.

खरा वापर कुठे होणार ते आम्हाला कुणी सांगत नाही. सरावासाठी कुठला तरी मुलूख हवा होता, तेव्हा मी हौसेने लोणारकडचा आमचा पट्टा सुचवला. "तुमच्याकडे वरून एक पडलेलंच आहे," आमचे सर म्हणाले आणि सगळे हसले. लोणारच्या माणसाला हा उल्केचा विनोद जन्मभर ऐकावा लागतो, म्हणून मीही हसले.

माणसं मोजायची आमची पद्धत सोपी होती. ज्याचं घर जिथे, तो तिथे. शहरातल्यांना दिवसा आम्ही कचेऱ्यांत आणि शाळांत हलवायचो. खेड्यातल्यांना हलवायची तसदी कुणी घेतली नव्हती. शेती दिसली की शून्य. आमच्या स्वतःच्या वावरावरही मी शून्य टाकला आणि चहा प्यायला गेले.

दिवाळीनंतर घरी गेले तेव्हा कापूस फुटला होता. भर दिवसा गावात दारोदार कुलपं, आणि माय वेचणीच्या बायांबरोबर वावरात. दुपारी सगळ्या बांधावरच्या कडुलिंबाखाली जेवायला बसल्या. आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्या भाकरीवर ठेचा वाढला.

"बाई, तू तिकडं काय काम करून राह्यली? तुही माय सांगते, पण आमाले काही समजत नाही."

मी समजावून सांगितलं. हा सरावाचा नकाशा आहे, खरोखर काही पडणार नाही, हेही सांगितलं.

"मंग ते तुकडे कुठं पडले तं बरं?"

"रिकाम्या जागी," मी म्हणाले. "म्हणजे वावरात..."

समोर कापसाने फुगलेल्या ओट्या कमरेला बांधून टोळी बसली होती, तिच्यात माझी आई होती. काकूच आधी हसल्या. "घ्या बाप्पा! आपुन तं रिकामी जागा झालो!" मग सगळ्याच हसत सुटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तान्ही असताना वेचणीच्या दिवसांत माझी झोळी याच लिंबाला बांधलेली असायची. वावर रिकामं नसतं हे न कळणारी माणसं ऑफिसात पुष्कळ होती, पण मी त्यांतली नव्हते.

"बदलून घे ना मंग ते," माय म्हणाली, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सांगावं तशी.

पुण्यात परतले ती तावातच. सरांना चार गोष्टी सुनावल्या. त्यांनी ऐकूनही घेतल्या, चूक मान्य केली. मग मी हंगाम बघून वावरावावरात माणसं भरली, वेचणीला टोळी, राखणीला एखादा माणूस; माळावर गुराखी पोरं, गावात शाळेतली मुलं. सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. आमचं वावर लालभडक झालं आणि मला इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्यालाही ओढून दाखवलं.

हिरवा रंग कुठे गेला, ते मी नंतर बघितलं. तो माळाच्या कडेला सरकला होता. तिथली जमीन मुरमाड, कापूस विरळ, त्यासाठी टोळी कोण लावणार? ज्याचं त्याने वेचायचं. त्याच पट्ट्यात काकूंचं वावर आहे. त्यांचा नवरा गेल्यापासून त्या एकट्याच तिथे राबतात. त्या चौकोनात माणसं किती, तर एक. तो एक माझ्याच हाताने भरलेला होता आणि अगदी बरोबर होता.

"शून्य कुठेच निघणार नाही," सर म्हणाले. "सगळ्यात कमी असेल ते घ्यायचं. दुसरं काय करणार?"

मी जागेवर येऊन पुन्हा नकाशा उघडला. काकूंच्या चौकोनात खोटीच दहा माणसं भरावीत असं मनात आलं. पण मग हिरवा चौकोन दुसऱ्या कुणा एकट्या माणसावर जाऊन बसला असता. जो एकटा, तो परवडणारा, असंच आमचं गणित म्हणत होतं आणि ते मी आणखी नेमकं करून ठेवलं होतं. हीच पद्धत पुढे खऱ्या नकाशांवर जाणार. तिथल्या एकट्या बायकांना तर मी ओळखतही नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, तरी मी काम पूर्ण झाल्याचं कळवून टाकलं.

रविवारी मायचा फोन आला. "बदललं का?"

"हाव. आपल्या वावरात नाही पडत आता."

तिने लगेच बायांना ओरडून सांगितलं. पलीकडे गलका झाला आणि काकूंनी फोन ओढून घेतला.

"लय चांगलं केलं बाई. त्या दिवशी हासलो, पण जिवाले घोर लागला होता. तुमची वेचणी सरली आता. उद्यापासून मी माह्या वावरात जाते, माळावर."

"बरं काकू," मी म्हणाले. "जा."