मच्छरदाणीतला पंख

दिनानाथ घरत दरवर्षी नव्या मिठाचं पाणी करून बघतो. शिमग्याच्या आसपास त्याचा थोरला भाऊ बाबाजी आपल्या आगरातलं मीठ टोपलीभर त्याच्याकडे पाठवतो. आमच्या गावात नवं मीठ आधी भावाच्या घरी जातं, मग व्यापाऱ्याकडे. टोपली आली की दिनानाथची बायको मैना ती चुलीजवळ ठेवते. ती पाठमोरी झाली की हा मूठभर मीठ काचेच्या पेल्यात टाकतो, वर पाणी ओततो आणि मागच्या दारच्या पायरीवर पेला घेऊन बसतो. मीठ हळूहळू विरघळतं. वर काही तरंगतंय का, एवढंच त्याला बघायचं असतं.

मी त्याचा शेजारी. एसटीत नोकरी केली, आता घरी असतो. लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्यावं. पण यंदा माघात जे झालं ते मी समोर बसून पाहिलं, आणि दिनानाथ स्वतः ते कुणाला सांगणार नाही.

दिनानाथ गणपतीची मखरं करायचा. थर्माकोलची. बांबूच्या कामटीचं धनुष्य, त्याला ताणून बांधलेली बारीक तार. तार बॅटरीला जोडली की तापायची आणि थर्माकोलमधून आवाज न करता फिरायची. कमानी, खांब, कळस, मोर, वेली, सगळं त्या एका तारेतून निघायचं. त्याची मखरं टेम्पोत भरून पेणच्या बाजारात जायची, पार दिवेआगरपर्यंत जायची. गावात तर घरोघर त्याचंच मखर असे. गणपती गेले की मखरही खाडीत सोडायचं, असंच सगळे करायचे. ओहोटीबरोबर ते समुद्रात जातं अशी आमची समजूत.

ते समुद्रात जात नव्हतं. तिवरांच्या मुळांत अडकून राहायचं, उन्हापाण्यानं कुजायचं नाही, फक्त मणी मणी सुटं व्हायचं. एके वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मोठं उधाण आलं आणि बाबाजीच्या आगराच्या उघाडीचं दार मोडलं. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची बांधातली वाट. भरतीचं पाणी जे काही घेऊन आलं ते सगळं आगरात शिरलं. त्या हंगामात मीठ पिकलं छान, पांढरंशुभ्र. व्यापारी मात्र हुशार. त्यानं पेल्यात मूठभर मीठ टाकलं, पाणी घातलं, आणि मीठ विरघळल्यावर वर थर्माकोलचे पांढरे मणी तरंगताना दाखवले. मिठात पांढरे मणी कुणाला दिसणार? अख्ख्या हंगामाची रास बांधावर पडून राहिली आणि पावसात वाहून गेली.

बाबाजी काही बोलला नाही. भावाला नाही, कुणालाच नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं नेहमीसारखी टोपली पाठवली. तो बोलला असता तर दिनानाथला बरं झालं असतं, असं मला वाटतं. शिव्या दिल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता, मग मिटलं असतं. बाबाजी लग्नाकार्यात शेजारी बसायचा, पान द्यायचा, भातलावणीचं विचारायचा. मिठाचं फक्त बोलायचा नाही. दिनानाथनं त्याच वर्षी मखरं बंद केली. गावात अजून लोक म्हणतात, सरकारनं बंदी आणली म्हणून त्याचा धंदा बसला. बंदी नंतर आली. धनुष्य त्याआधीच माळ्यावर गेलं होतं. आणि तेव्हापासून दिनानाथनं आगराच्या बांधावर पाय ठेवला नव्हता. पूर्वी तो रोज संध्याकाळी तिथं भावाबरोबर बसायचा.

यंदा माघात बाबाजीची नात प्राप्ती एक लांबोडकं खोकं घेऊन दिनानाथकडे आली. ती पनवेलकडे इंजिनिअरिंगला आहे. मी तेव्हा दिनानाथच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. खोक्यात विमान होतं, रिमोटवर उडणारं, पांढऱ्या फोमचं. डावा पंख मधोमध मोडलेला आणि पुढच्या कडेचा वीतभर तुकडा गायब. ती खालच्या आवाजात सांगू लागली. विमान कॉलेजातल्या त्यांच्या गटाचं होतं. तिनं ते कुणाला न विचारता घरी आणलं होतं, आजोबांना दाखवायला. आगराच्या वरच्या अंगाला काही वाफे कायमचे कोरडे पडलेत, अगदी सपाट. तिथून उडवलं आणि ते तिवरात घुसलं. तुकडा खाडीत गेला. सोमवारी विमान कॉलेजात हवं होतं, आणि उडणारं हवं होतं. गटातल्या मुलांना तिनं अजून काहीच कळवलं नव्हतं.

“नुसतं चिकटवता येत नाही, दिना आजोबा. नवा तुकडा बसवायला लागेल, आणि त्याचा आकार तंतोतंत जुळायला हवा. फोम आणलाय मी.”

दिनानाथ खोक्याला हात लावेना. म्हणाला, हे काम आता करत न्हाय मी. ती म्हणाली, हा थर्माकोल नाही, याचा भुगा होत नाही. दिनानाथनं तिच्याकडच्या फोमचा कोपरा दोन बोटांत धरून कुस्करला आणि तळहात तिच्यापुढे केला. तळहातावर मणी होते.

तिनं फोम परत खोक्यात ठेवला. मग खोकं बंद करता करता म्हणाली, “आजोबांनीच पाठवलं मला. म्हणाले, तारेचं धनुष्य दिनाकडेच असेल.”

“दादानं पाठवलं?”

“हो.”

त्यानं ते तिला पुन्हा एकदा विचारलं. नंतर आत जाऊन मैनेकडे शिडी मागितली.

तार गंजली होती, ती बदलली. बॅटरी माझ्या स्कूटरची. पण कामाला बसायच्या आधी दिनानाथनं पडवीत मच्छरदाणी बांधली, खाली ओली चादर अंथरली आणि पंख, फोम, धनुष्य घेऊन आत जाऊन बसला. तार कापते तेव्हा मणी सुटत नाहीत. पण घासताना सुटतात, आणि एकदा सुटले की वारा त्यांना कुठं नेईल सांगता येत नाही. आमच्या गल्लीतून वारा थेट आगराकडे जातो.

मैना दारात उभी राहून म्हणाली, “लोक मच्छर बाहेर ठेवाया मच्छरदाणी लावतात. आमच्यात एक मोठा आत कोंडलाय.”

तो हसला नाही. मी हसलो, आणि मग मलाच कसंतरी वाटलं.

काम बघण्यासारखं होतं. मोडलेल्या कडा होत्या तशा चिकटवायला गेलो तर जोड पुन्हा तिथंच उघडतो, म्हणून त्यानं मोडका भाग दोन्हीकडून तिरका, साफ कापून काढला. पंखाच्या त्या दोन टोकांचे आकार पुठ्ठ्यावर घेऊन फर्मे केले, ते नव्या फोमच्या दोन बाजूंना टाचले आणि तार दोन्ही फर्म्यांवरून एकाच वेगानं ओढली. एका बाजूला जाळीखालून आत घातलेला हात प्राप्तीचा होता. पहिला तुकडा बिघडला, कारण दिनानाथ घाईनं ओढत होता, मखराची सवय. तिनं जाळीखालून दुसरा हात घालून त्याचा हात धरला आणि मोजत मोजत ओढायला लावलं. दुसरा बरोबर आला. मधे बांबूची सपाट कामटी घातली, लाकडाला लावतात तो पांढरा डिंक लावला. रबराचा चिकट डिंक चालत नाही, त्यानं फोम वितळतो. हे त्यानं तिला सांगितलं तर ती म्हणाली, माहीत आहे, आमचं एक विमान त्यानंच गेलं. तेव्हा मात्र तो थोडा हसला.

जोड सुकल्यावर त्यानं बारीक कागदानं घासलं. पांढरी धूळ त्याच्या हातावरच्या केसांना, भुवयांना चिकटली. मच्छरदाणी त्यानं आतूनच ओल्या फडक्यानं पुसली, फडकं बादलीत पिळलं, बादलीतलं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळलं, आणि फडक्यावर उरलेले मणी जुन्या बरणीत भरून झाकण लावलं. प्राप्ती हे सगळं बघत होती. गावात कुणी तिला मिठाचं सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पंख झाला होता. तिथं थांबला असता तर बरं. पण दिनानाथच्या मनात एकच गोष्ट बसली होती. हे विमान आगरावर उडणार. पुन्हा पडलं तर? म्हणून त्यानं दोन्ही पंखांना खाकी कागद गुंडाळून चिकटवला. एक थर सुकल्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कडा दुमडून आत घेतल्या, कुठं सुईएवढीही फट ठेवली नाही. प्राप्तीनं पंख हातात घेऊन वर-खाली केला.

“आजोबा, जड झालंय.”

“असू दे. मोडलं तरी सांडणार न्हाय.”

ती पुढं बोलणार होती, पण त्याच्याकडे बघून राहिली.

रविवारी सकाळी वारा पडलेला असताना आम्ही आगरावर गेलो. दिनानाथ बांधाच्या अलीकडे थांबला. मी म्हटलं, चल की. तो म्हणाला, इथून दिसतं. विमान जाईल तिथं बघायला कुणीतरी हवं, असं मी म्हटल्यावर तो आला, चपला काढून हातात घेऊन. देवळात शिरावं तसा.

खालच्या वाफ्यांत पाणी होतं, मीठ धरायला लागलं होतं. वरच्या कोरड्या वाफ्यात प्राप्तीनं विमान हातातून सोडलं. ते थोडं पुढं गेलं आणि पोटावर बसलं. पुन्हा सोडलं, जोर लावून. पंखा घोंघावला, नाक वर झालं, आणि थकल्यासारखं ते परत जमिनीला लागलं. काही मोडलं नाही, एक मणी सांडला नाही. उडालंही नाही. प्राप्ती रिमोट हातात धरून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती दिनानाथकडे बघत नव्हती, त्याच्या मनाला लागू नये म्हणून.

दिनानाथ म्हणाला, “माझ्या हातचं असंच असतं. कुणाच्या उपयोगाला येत न्हाय, फक्त नुकसान.”

बाबाजी खालच्या वाफ्यात काम करत होता. तो पाय धुऊन वर आला. त्यानं विमान उचललं आणि पंखावर बोटानं ठोकून पाहिलं.

“पंख केलास का दरवाजा?”

दिनानाथ खाली बघत होता.

“कागद काढ, दिना.”

“दादा, मणी सांडतील. तुझ्या आगरात पुन्हा...”

“सांडू दे. वेचू.”

दिनानाथ हलला नाही. बाबाजी बांधावर बसला. त्याला मनातलं काहीतरी काढून टाकायचं होतं आणि ते कसं काढावं कळत नव्हतं, असं मला दिसलं. विमान मांडीवर घेऊन, त्याच्या शेपटीशी बोलल्यासारखं तो बोलला.

“दार मोडलं त्या रात्री मी एकटाच इथं आलो होतो. दाराच्या खांबाला पहिलं अडकलेलं मखर मोराचं होतं. आपल्याच घरचं. तू केलंस, पण खाडीत मी सोडलं होतं. कुणी बघायच्या आत ते काढलं आणि जाळलं. तुला काय बोलणार मी? मीच सोडलेलं माझ्या आगरात आलं. तू इथं यायचा बंद झालास, तेव्हा सांगायला हवं होतं. जमलं न्हाय.”

दिनानाथनं हातातल्या चपला खाली ठेवल्या. आमच्या घरचं मखरही दिनानाथनंच केलेलं असायचं आणि ते खाडीपर्यंत मीच डोक्यावरून न्यायचो. हे तेव्हा म्हणावं असं वाटलं, पण दोघा भावांच्या मध्ये मी कशाला.

मग दिनानाथनं प्राप्तीकडून पाण्याची बाटली घेतली, पंख ओला केला आणि नखानं कागदाची कड उचलली. थर सुटत गेले. शेवटच्या थराबरोबर फोमचे थोडे मणी निघाले आणि बांधावर, खाऱ्या मातीवर पडले. वाऱ्याची लहर आली तसे ते घरंगळले. दोघंही म्हातारे लगेच खाली बसले आणि बोटं ओली करून एकेक मणी टिपायला लागले. मी विमान धरलं. जोड पक्का होता, कामटी आत घट्ट होती. प्राप्तीनं विमान घेतलं आणि सोडलं.

या वेळी ते जमिनीला लागलं नाही. वर जाताना डावीकडे कललं, तिनं सावरलं. ते तिवरांच्या वरून गेलं, खाडीवर वळलं, पाण्याच्या वाफ्यांत त्याची सावली सरकत गेली. मी डोळ्यांवर हात धरून बघत होतो. मला वाटतं पूर्ण फेरी फक्त मीच पाहिली.

“आजोबा, बघा ना,” प्राप्ती म्हणाली. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही. बाबाजी एका दगडाखाली बोट घालत होता. दिनानाथ गुडघ्यांवर सरकत बांधाच्या कडेला पोचला होता, वेचलेलं सगळं डाव्या मुठीत.

शेवटी बाबाजीनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बघ रे एकदा वर. तुझंच हाय.”

दिनानाथनं वर पाहिलं. विमान आमच्या डोक्यावरून गेलं तोपर्यंत तो बघत होता. मूठ मात्र त्यानं उघडली नाही.